काट्याच्या मीटरवाल्या गाडीत डिजिटल स्पीड हवाय? डिस्प्ले नंतर बघा, आधी आकडा कुठून येणार ते ठरवा

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी सांगतो. गाडी २०१२ची पेट्रोल हॅचबॅक, सगळे मीटर काट्याचे, स्पीडोमीटरवर ६० नंतर थेट ८० लिहिलेलं आणि मधल्या रेघा चालत्या गाडीत वाचता येत नाहीत. कॅमेरे लावलेल्या रस्त्यावर लिमिट सांभाळायची तर सारखी मान खाली घालावी लागते, म्हणून नजरेसमोर मोठा आकडा हवाय. एकाने सांगितलं अख्खं क्लस्टर, म्हणजे सगळ्या मीटरचा डबाच, काढून वरच्या मॉडेलचं टाका, दुसऱ्याने सांगितलं एचयूडी घ्या, म्हणजे पुढच्या काचेवर आकडा पाडणारा डिस्प्ले. वर काटा १००वर असताना मोबाइल ९३ दाखवतो, म्हणजे नक्की खोटं कोण बोलतंय ते कळेना. टायर १७५/६५ आर १४ च्या जागी १८५/६५ आर १४ टाकलेत, आणि घरात अजून एक जुनी केबलवाली गाडी आहे, तिच्यातही जमलं तर हवंय.

मी गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो आणि हे असले डिस्प्ले बरेच बसवलेत, काही काढूनही ठेवलेत. जवळजवळ प्रत्येकजण डिस्प्लेपासून सुरुवात करतो, किती इंची, कुठल्या रंगाचा, गोल की चौकोनी. माझ्या मते तो सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न एवढाच की त्या डब्याला स्पीड सांगणार कोण. मार्ग तीनच आहेत: सॅटेलाइटवरून म्हणजे जीपीएस, गाडीच्या कॉम्प्युटरकडून म्हणजे ओबीडी, नाहीतर गिअरबॉक्सवरच्या सेन्सरच्या पल्स, म्हणजे फिरताना येणारे विजेचे ठोके, मोजून. एकदा हे ठरलं की डिस्प्ले आपोआप ठरतो, आणि हे न ठरवता घेतलेला डिस्प्ले बहुतेक वेळा डिकीत जाऊन पडतो.

त्याच्याही आधी एक फुकटचं काम करा. मीटरच्या मधोमध छोटी स्क्रीन असेल, ट्रिप आणि मायलेज दाखवणारी, तर तिचे सगळे मेनू एकदा नीट फिरवून बघा, बटण दाबून ठेवून पण बघा. कितीतरी गाड्यांत तिथेच डिजिटल स्पीडचं पान असतं आणि मालकाला वर्षानुवर्षं माहीत नसतं. काही गाड्यांत ते पान कंपनीने बंद करून ठेवलेलं असतं आणि कोडिंग करून चालू होतं, अर्थात हे गाडीगाडीवर आहे. तुमच्यात ते निघालं तर इथेच थांबा, पुढचं वाचायची गरज नाही.

आता १०० आणि ९३चं भांडण. दोघांतलं कोणीच बिघडलेलं नाही. स्पीडोमीटरसाठी संयुक्त राष्ट्रांचा रेग्युलेशन ३९ म्हणून नियम आहे आणि बऱ्याच देशांत तोच किंवा त्याच्यासारखा नियम लागू असतो. त्यात म्हटलंय की मीटरने खऱ्या स्पीडपेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर चालेल, पण खऱ्या स्पीडच्या १० टक्के अधिक ४ किमी एवढ्यापर्यंतच. म्हणजे गाडी खरोखर १००ने जात असेल तर मीटरवर १००च्या खाली चालणार नाही आणि ११४पर्यंत काहीही चालेल. त्यामुळे कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात, टायर घासला किंवा हवा कमी असली तरी कमी दाखवल्याचा ठपका यायला नको म्हणून. खरा ९३ असताना काटा १०६पर्यंत गेला तरी तो नियमात आहे, तुमचा तर १००वरच आहे.

टायरचं गणित मात्र तुमच्या केसमध्ये आहेच. जुन्या साइजचा व्यास साधारण ५८३ मिलिमीटर येतो, नव्याचा ५९६. म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी आता सव्वादोन टक्के जास्त अंतर कापते आणि गाडीला ते माहीतच नाही, ती बिचारी फेऱ्याच मोजते. टायर बदलायच्या आधी तुमचा काटा याहूनही पुढे असणार, मोठ्या टायरने त्यातला थोडा फरक खाऊन टाकला. उलट टायर जसजसा घासतो तसा व्यास कमी होत जातो. नव्या टायरची ८ मिलिमीटर नक्षी २वर आली की व्यास १२ मिलिमीटरने उतरतो, म्हणजे जवळपास तेवढेच दोन टक्के. म्हणून ‘एकदम परफेक्ट सेट केलंय’ असं कोणी सांगितलं तर मी विचारतो, कुठल्या टायरवर, आणि टायर किती घासलेला असताना?

ओबीडीने सुरुवात करू कारण लोक सगळ्यात आधी तेच घेतात. स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याच्या वर कुठेतरी सोळा पिनांचा, एका बाजूला निमुळता असा कनेक्टर असतो. अमेरिकेत १९९६ मॉडेलपासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना साधारण २००१पासून तो सक्तीचा झाला, इतर ठिकाणी आपापल्या नियमाप्रमाणे. त्यात डिस्प्ले खोचला की तो इंजिनच्या कॉम्प्युटरला सारखा विचारत राहतो, स्पीड किती, स्पीड किती, आणि कॉम्प्युटर एक पूर्ण आकडा परत देतो, ० ते २५५ किमीमधला. पॉइंटच्या पुढचं काही नाही, त्यामुळे ‘८०.४’ असं दाखवणारा ओबीडी डिस्प्ले दिसला तर तो पॉइंट त्याने स्वतःच्या मनाने लावलाय. हा आकडा काट्याच्या आकड्यापेक्षा बऱ्याचदा कमी असतो, कारण काटा पुढे ढकलायचं काम क्लस्टर करतं आणि कॉम्प्युटरकडे न ढकललेला आकडा असतो. पण हे सगळ्या गाड्यांत असंच असेल असं नाही, म्हणून डिस्प्लेत टक्क्यांनी करेक्शन द्यायची सोय आहे का ते घेण्याआधीच बघा. ती नसेल तर तुमच्या टायर साइजवर तो डिस्प्ले कायम दोन टक्के चुकीचंच सांगत बसणार.

अजून एक गोष्ट, जी बॉक्सवर कोणी लिहीत नाही. कनेक्टर दिसायला सारखा असला तरी आत बोलायची पद्धत वेगवेगळी असते. पिन नंबर ६ आणि १४ मध्ये धातूच्या पट्ट्या दिसल्या तर बहुतेक करून कॅन बस आहे, ती वेगवान असते आणि आकडा झटपट बदलतो. त्या दोन्ही रिकाम्या आणि ७ नंबरची पिन भरलेली असेल तर बहुधा ती जुनी के-लाइन. तिचा वेग सेकंदाला १०.४ किलोबिट, कॅनचा साधारण ५००. के-लाइनच्या गाडीत लोक काय करतात तर डिस्प्लेवर स्पीड, आरपीएम, कूलंटचं तापमान, बॅटरीचा व्होल्टेज सगळं एकदम लावतात आणि मग तक्रार करतात की ब्रेक मारला तरी आकडा जागचा हलत नाही. हलणार कसा, प्रत्येक गोष्ट एकामागून एक विचारावी लागते आणि उत्तर यायला वेळ लागतो. तिथे फक्त स्पीड ठेवा, बाकी सगळं बंद करा, लगेच फरक जाणवतो.

ओबीडीचा मला सगळ्यात नावडता भाग म्हणजे पिन नंबर १६. तिला बॅटरीचा करंट कायम असतो, चावी काढली तरी. डिस्प्ले स्वतःहून झोपला नाही तर समजा ४० मिलिअँपिअर खात बसला, तर दिवसाला जवळपास एक अँपिअर-अवर गेला. छोट्या गाडीची बॅटरी ३५-४० अँपिअर-अवरची, गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की सकाळी सेल्फ उचलत नाही आणि दोष बॅटरीला जातो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसली गत. चांगले डिस्प्ले व्होल्टेज बघून झोपतात, इंजिन चालू असताना साडेतेरा-चौदा असतो आणि बंद झाल्यावर साडेबाराच्या आसपास येतो त्यावरून. पण नवीन गाड्यांत अल्टरनेटर मुद्दाम चार्जिंग कमी करतो, तिथे हेच डिस्प्ले चालत्या गाडीत झोपी जातात आणि मालकाला वाटतं वायर लूज आहे. तुमच्या गाडीत हा त्रास बहुधा नसेल. तरी बसवल्यावर चावी काढून दहा-पंधरा मिनिटांनी डिस्प्लेचा एकही दिवा जळत नाहीये ना ते स्वतः बघा, आणि मल्टीमीटर असेल तर करंटही मोजून घ्या.

ब्लूटूथचा डोंगल लावून मोबाइलवर स्पीड बघायची आयडियाही काहीजण देतात. चालते, पण रोज मोबाइल लावा, अॅप उघडा, कनेक्ट व्हायची वाट बघा, हे आठवडाभर होतं मग कंटाळा येतो. शिवाय स्वस्तातल्या डोंगलचा पासवर्ड १२३४ किंवा ०००० असतो आणि तो कोणालाही जोडता येतो, त्यामुळे काम झालं की काढून ठेवायचा. गाडी सर्व्हिसला देतानाही ओबीडीतलं सगळं काढूनच द्या, त्यांचा स्कॅनर लावायला जागा मोकळी हवी आणि उगाच ‘तुम्ही काहीतरी लावलंय म्हणून’ ऐकायला नको.

जीपीएसचं तत्त्वच वेगळं आहे. तो चाक, टायर, गिअरबॉक्स कशालाच विचारत नाही. सॅटेलाइटकडून येणाऱ्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी तुमच्या हालचालीमुळे किंचित बदलते, डॉप्लर इफेक्ट म्हणतात तो, त्यावरून थेट वेग काढतो. मोकळ्या रस्त्यावर एका स्पीडने चालत असाल तर तो इतका अचूक असतो की बाकीचे दोन्ही मार्ग मी त्याच्याशी ताडून बघतो. चढ-उतारावर चुकतो का असं बऱ्याचजणांनी विचारलंय. १०० मीटरला १० मीटर असा खडा चढ असला आणि डिस्प्ले फक्त आडवा वेग धरत असला तरी फरक अर्ध्या टक्क्याचा पडतो, सोडून द्या.

त्याची दुखणी दुसरी आहेत. बोगद्यात, मोठ्या पुलाखाली, तळघरातल्या पार्किंगमध्ये तो आंधळा होतो. काही डिस्प्ले तेव्हा डॅश दाखवतात, ते बरं, काही मात्र शेवटचा आकडा तसाच धरून ठेवतात आणि ते धोक्याचं आहे कारण तुम्हाला वाटतं तुम्ही अजून ६०नेच चाललाय. घेण्याआधी हे नक्की विचारा. गाडी चालू केल्यावर सिग्नल धरायला थोडा वेळ जातो, रात्रभर झाकलेल्या जागी उभी असेल तर जास्तच. काचेला धातूचा थर असलेली उष्णतारोधक फिल्म असेल तर सिग्नल कमजोर पडतो. आणि उशीर. साधा जीपीएस सेकंदाला एकदाच आकडा देतो, त्यामुळे जोरात ब्रेक मारला तर डिस्प्ले एक-दीड सेकंद मागे राहतो. सेकंदाला ५ किंवा १० वेळा देणारे मॉड्यूल मिळतात, फरक डोळ्याला लगेच कळतो, तसलेच घ्या. एका स्पीडने लिमिट सांभाळायला साधाही पुरतो म्हणा, पण ती ‘मागे राहिलाय’ची भावना एकदा आली की माणूस डिस्प्लेकडे बघणं सोडून देतो.

तुमच्या गाडीत मी काय लावलं असतं? जीपीएस. तुमची गरज लिमिट पाळायची आहे, लिमिट खऱ्या स्पीडची असते, आणि टायर तुम्ही बदललेत. गाडीच्या वायरला हात लागत नाही, पॉवर लायटर सॉकेटमधून मिळते, ते सॉकेट चावीबरोबर बंद होत असेल तर बॅटरीची कटकटही नाही, आणि उद्या गाडी विकली तर काढून दुसरीत लावता येतो. पण तुमचा रोजचा रस्ता बोगद्यांचा असेल किंवा सतत उंच बिल्डिंगांच्या मधून असेल तर माझं मत बदलेल, मग कॅनवाला ओबीडी डिस्प्ले घ्या आणि करेक्शन सेट करा. करेक्शन सेट करणं सोपं आहे: सपाट सरळ मोकळा रस्ता, शेजारी कोणीतरी बसलेला, त्याच्या हातात मोबाइलचा जीपीएस स्पीड. तुम्ही ओबीडीवर ८० धरून ठेवायचे, काट्याकडे न बघता, आणि स्पीड स्थिर झाला की शेजाऱ्याने मोबाइलचा आकडा वाचायचा. तो ८२ म्हणाला तर करेक्शन १०२.५ टक्के. दोन्ही दिशांनी आणि दोन वेगवेगळ्या स्पीडला करून बघा. आकडा अगदी बरोबर बसवण्यापेक्षा मी एखाद किलोमीटर जास्तच दाखवेल असा ठेवतो.

क्लस्टर बदलायचा सल्ला ज्याने दिला त्याने ते स्वतः केलंय का ते विचारा. प्लग सारखा बसला म्हणजे काम झालं असं नसतं. किलोमीटरचा हिशोब क्लस्टरमध्येच साठवलेला असतो, दुसऱ्या गाडीचं टाकलं की तिचे किलोमीटर तुमच्या गाडीला चिकटतात, ते बदलायला गेलात तर बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे, आणि न बदलता विकायला गेलात तर घेणारा तुमच्यावर संशय घेणार. काही गाड्यांत चावी ओळखणारा इमोबिलायझर क्लस्टरशी जोडलेला असतो, म्हणजे नवीन टाकलं की गाडी चालूच होत नाही. एअरबॅगचा, एबीएसचा दिवा नीट चालतोय ना हे कोण तपासणार? एका आकड्यासाठी एवढा उपद्व्याप कशाला. जुनं क्लस्टर जळालंय आणि नाहीतरी बदलायचंच आहे तर गोष्ट वेगळी, तेव्हाही कंपनीच्या पद्धतीने कोडिंग करून आणि किलोमीटरची नोंद लेखी घेऊन.

काचेवरचा एचयूडी दिसायला भारी असतो, दुकानात आणि व्हिडिओत तर फारच. गाडीची पुढची काच दोन काचांची चिकटवलेली असते, आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागावरून वेगवेगळं प्रतिबिंब पडतं आणि ८०च्या मागे अजून एक फिकट ८० दिसतो. कंपनीच्या एचयूडीवाल्या गाड्यांत काचेच्या मधला थर पाचरीसारखा असतो म्हणून ते होत नाही. बाहेरून लावलेल्याला त्यासाठी काचेवर एक फिल्म चिकटवावी लागते, ती काही महिन्यांत कडेने सुटते आणि समोरून ऊन आलं की चमकते. पोलराइज्ड गॉगल घालत असाल तर आकडा अर्धा गायब. त्यामुळे मी सरळ स्वतःची स्क्रीन असलेला छोटा डिस्प्लेच सुचवतो.

तो कुठे लावायचा यावर मात्र वेळ घाला. माझी आवडती जागा म्हणजे क्लस्टरच्या टोपीच्या बरोबर वर, बोनेटची कड जिथे दिसते त्याच्या किंचित खाली. तिथे नजर रस्त्यावरून जेमतेम हलते. आधी नुसता पुठ्ठ्याचा तेवढाच तुकडा डबल टेपने लावून दोन दिवस गाडी चालवा, सीट पुढे-मागे करणारे घरात असतील तर त्यांनाही बसवा, मग डिस्प्ले चिकटवा. पॅसेंजरच्या बाजूला डॅशबोर्डवर एअरबॅगचं झाकण असतं तिथे काहीही चिकटवायचं नाही, आणि वायर खांबावरून वर न्यायची असेल तर खांबात पडद्याची एअरबॅग आहे का बघा, असेल तर वायर तिच्या मागून जायला हवी, पुढून नाही. सगळ्यात सोपं म्हणजे वायर दरवाज्याच्या रबराखालून खाली उतरवणं. रात्रीचा ब्राइटनेस आपोआप कमी होतो का तेही अंधारात बसून बघा, नाहीतर काचेत उलटा आकडा नाचत राहतो आणि डोळे दुखतात.

काटा झाकला जाईल असं मात्र काही लावू नका. कायद्याने मूळ मीटर दिसलाच पाहिजे हे एक, आणि दुसरं म्हणजे काटा एक गोष्ट आकड्यापेक्षा चांगली सांगतो: स्पीड वाढतोय की उतरतोय आणि किती झपाट्याने. तो डोळ्याच्या कडेने कळतो, आकडा वाचावा लागतो. दोन्ही राहू द्या.

आता ती केबलवाली गाडी. तिच्यात गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक लवचिक केबल फिरत येते, टोकाला लोहचुंबक फिरतो आणि त्याच्याभोवतीची अॅल्युमिनियमची वाटी ओढली जाते, स्प्रिंग तिला मागे खेचतो, त्यातून काटा हलतो. विजेचा संबंधच नाही, म्हणून ओबीडीचा प्रश्न येत नाही. तिथेही मी जीपीएसच सांगेन. हौस असेल आणि गोल डिजिटल गेज बसवायचं असेल तर केबलच्या मधे पल्स देणारा सेन्सर टाकता येतो. जपानी मानकाच्या मीटरला केबल किलोमीटरला ६३७ फेऱ्या मारते, सेन्सर फेरीला ४ पल्स देणारा असेल तर किलोमीटरला २५४८ पल्स, हा आकडा गेजमध्ये भरायचा आणि मग जीपीएसशी ताडून थोडा वर-खाली करायचा. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो, कित्येकदा तो मीटरच्या चेहऱ्यावरच बारीक अक्षरात छापलेला असतो.

काही मधल्या काळातल्या गाड्यांत केबलऐवजी गिअरबॉक्सवर तीन वायरचा हॉल सेन्सर असतो, म्हणजे चुंबकाच्या फिरण्यावरून पल्स देणारा. तो चालतो का हे बघायला पुढचं एक चाक जॅकवर उचला, दुसऱ्या चाकाला दोन्ही बाजूंनी अडण लावा, हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रल, चावी ऑन, आणि मल्टीमीटर सिग्नलच्या वायरवर धरून चाक हाताने हळू फिरवा. व्होल्टेज शून्यावर जातो, परत वर उडी मारतो, परत शून्य, असं घड्याळासारखं दिसलं की सेन्सर ठीक. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एकच चाक फिरत असेल तर डिफरन्शियलमुळे पल्स निम्म्या येतात, त्यावरून कॅलिब्रेशन करू नका. दोन वायरचा सेन्सर असेल तर तो हाताने फिरवून धड दिसतच नाही, हळू स्पीडला त्याचा सिग्नल फार कमजोर असतो आणि गेज तसला सिग्नल घेणारं आहे का ते आधी बघावं लागतं. एबीएसच्या चाकाजवळच्या सेन्सरची वायर मात्र स्पीडसाठी कधीच कापायची नाही, कोणी कितीही सोपं आहे म्हणून सांगितलं तरी.

तुम्ही ओबीडीकडेच वळायचं ठरवलं तर डिस्प्ले घेण्याआधी कनेक्टरचा समोरून फोटो टाका. मोबाइलचा फ्लॅश चालू ठेवून काढा, आत अंधार असतो आणि ६, ७, १४ यातल्या कुठल्या पट्ट्या भरल्यात तेच दिसायला हवं, मग कुठला चालेल ते सांगतो.